विन्यालेस : डोंगर चुनखडीचे, खोरं नांगराचं

हवानाहून पश्चिमेकडे निघालेला महामार्ग पिनार देल रिओ प्रांतात शिरला तरी बराच वेळ विशेष काही घडत नाही. रुंद, जवळजवळ मोकळा रस्ता. कडेला हात करून उभी असलेली माणसं. मधूनच टांगा, मधूनच १९५०च्या दशकातली अमेरिकी मोटार. प्रांताच्या राजधानीपासून वाट उत्तरेला वळते, पाइनच्या झाडीतून नागमोडी चढते आणि लोस हास्मिनेस नावाच्या गुलाबी हॉटेलापाशी येते. इथे प्रत्येक गाडी थांबते. कठड्याशी मोबाइल सरसावलेली गर्दी, आणि खाली विन्यालेसचं खोरं.

खोऱ्याचा तळ सपाट आहे, माती लालभडक. त्या सपाटीतून कसलीही चाहूल न देता डोंगर वर येतात : बाजू सरळसोट, माथा गोलसर, अंगभर झाडी. उतार, टेकाड, पायथा असला मामलाच नाही. नांगराचं शेवटचं तास जिथे संपतं तिथून कडा सुरू होतो. या डोंगरांना मोगोते म्हणतात. काही तीनशे मीटरपर्यंत उंच आहेत. दोन मोगोतेंच्या मधल्या जागेत शेतं, शेतांच्या कडेला राजताड, आणि ताडांच्या आडून डोकावणारी झावळ्यांनी शाकारलेली, जमिनीपर्यंत उतरत्या छपरांची उंच घरं. माणसं राहतात ती घरं ही नव्हेत. ही तंबाखूची.

पर्यटक फोटो काढतात ते डोंगरांचे. पण १९९९ मध्ये युनेस्कोने विन्यालेसचं नाव जागतिक वारसा यादीत घातलं ते निसर्गस्थळ म्हणून नव्हे, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. डोंगर सुंदर आहेत यात वाद नाही; पण चुनखडीचे असे सुळके चीनमध्ये ग्वेलिनला आहेत, व्हिएतनाममध्ये हालाँगच्या उपसागरात आहेत. विन्यालेसचं वेगळेपण तळाशी आहे, जिथे अजूनही बैलांनी जमीन नांगरली जाते, हाताने रोप लावलं जातं आणि पान न् पान हाताने खुडलं जातं. एका वर्षी कुणी नांगर धरलाच नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत ही लाल चौकट झुडपांत बुजून जाईल. कठड्यावरून दिसणारं चित्र दरवर्षी नव्याने काढावं लागतं, आणि ते काढणाऱ्याला त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

मराठी माणसाला असा डोंगर परकाच. सह्याद्री लाव्हाचा, थरावर थर चढलेला, पायऱ्यापायऱ्यांचा; त्याचा काळा दगड झिजतो, फुटतो, पण पाण्यात विरघळून जात नाही. आपल्याकडची चुनखडी चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला, आणि तिची ओळख सिमेंटच्या कारखान्यांपुरती. विन्यालेसची चुनखडी जुरासिक काळातली, पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली. पुढे जमीन उचलली गेली आणि पावसाने काम हाती घेतलं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, दगडाच्या भेगेत शिरतं आणि तिच्या कडा विरघळवत राहतं. भेगेचं बीळ होतं, बिळाची गुहा, गुहेतून नदी वाहू लागते, छत पातळ होतं आणि एक दिवस खाली येतं. लाखो वर्षं हे चाललं. म्हणजे मोगोते जमिनीतून वर आलेलेच नाहीत. भोवतालचं सगळं खाली गेलं आणि ते मागे राहिले.

जे गेलं त्यातलं थोडं शेतकऱ्याच्या वाट्याला आलं. चुनखडी विरघळल्यावर उरणारा, लोहामुळे लाल झालेला गाळ आणि भोवतालच्या पाटीच्या दगडाच्या आणि वालुकाश्माच्या टेकड्यांवरून वाहत आलेली रेती, या दोन्हींची मिळून खोऱ्यातली माती झाली. ती भुसभुशीत आहे, पाणी धरून बसत नाही, वाफसा लवकर येतो. तंबाखूच्या मुळांना पाय ओले ठेवून उभं राहणं अजिबात मानवत नाही. त्यांना हीच माती लागते.

डोंगरांच्या पोटात पोकळीच पोकळी आहे. खोऱ्याच्या पश्चिमेला एल मोंकादा वस्तीजवळ सांतो तोमास ही गुहा आहे. तिच्या मोजलेल्या वाटा ४६ किलोमीटरपेक्षा जास्त भरतात आणि त्या एकावर एक मजल्यांसारख्या रचलेल्या आहेत. नदी खाली खाली उतरत गेली, तिने सोडलेले मजले वर कोरडे राहिले. १९५०च्या दशकात आंतोनियो नुन्येस हिमेनेस आणि क्युबन गुहासंशोधन संस्थेच्या मंडळींनी ती पद्धतशीर धुंडाळली. आत विजेचे दिवे नाहीत. शिरस्त्राण आणि डोक्याला दिवा लावून वाटाड्यासोबत जावं लागतं. ज्यांना एवढी उठाठेव नको ते कुएवा देल इंदिओ या गुहेत जातात. तिथे रंगीत दिवे आहेत, रांग आहे आणि भूमिगत नदीतून काही मिनिटांची होडीची फेरी आहे. नावाडी छताकडे बोट दाखवून मगर, साप, शॅम्पेनची बाटली अशी नावं सांगत जातो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर सांतो तोमासच करावी.

गुहांचा इतिहास मात्र करमणुकीचा नाही. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवरून पळालेले आफ्रिकी गुलाम इथे लपत. शिकारी कुत्रे घेऊन त्यांच्या मागावर येणाऱ्यांना चुनखडीचा हा चक्रव्यूह सहजी भेदता येत नसे. अशा लपलेल्या वस्त्यांना पालेंके म्हणत, आणि त्यांच्यापैकी एका गुहेत आज उपाहारगृह चालतं. पळालेल्या गुलामांच्या नावाने जेवणावळ, हे जरा घशाखाली उतरत नाही. पण बसभर पर्यटक तिथे निवांत जेवतात.

एल मोंकादाशी जोडलेलं आणखी एक नाव क्युबाच्या शाळकरी पोरांना पाठ असतं : लोस मालागोनेस. १९५९ मध्ये, क्रांतीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, डोंगरांत दडलेल्या एका सशस्त्र टोळीला पकडायचं काम फिदेल कास्त्रोने इथल्या बारा शेतकऱ्यांवर सोपवलं. त्यांचा म्होरक्या लेआंद्रो रोद्रिगेस मालागोन. गुहांची बिळं न् बिळं माहीत असलेल्या या गड्यांनी टोळी पकडली आणि तीच क्युबाची पहिली शेतकरी मिलिशिया ठरली.

दोस एर्मानास या मोगोतेच्या उभ्या कड्यावर दुसरं एक क्रांतीचं अपत्य आहे. १२० मीटर उंचीचं भित्तिचित्र : शंखधारी प्राणी, सरपटणारे अवजड जीव, नामशेष झालेला महाकाय स्लॉथ आणि शेवटी माणूस. मेक्सिकन भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेराचा शिष्य आणि नकाशातज्ज्ञ असलेल्या लेओविहिल्दो गोन्सालेस मोरियोने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते रंगवून घेतलं. दोरांना लटकून ब्रश चालवणाऱ्यांत इथले शेतकरीही होते. रंग इतके भडक आहेत की अनेक प्रवासी त्याला थेट विद्रूप म्हणतात. ते फार चुकतात असं नाही. पण विषयाची निवड अगदीच हवेतली नव्हती. याच प्रांतातल्या जुरासिक खडकांत समुद्री सरीसृपांचे जीवाश्म मिळाले आहेत, आणि त्यांतल्या लांब मानेच्या एका प्राण्याला शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये खोऱ्यावरून ‘विन्यालेसॉरस’ असं नाव दिलं. चित्र पाहायला पैसे मोजण्यापेक्षा लांबून, रस्त्यावरून पाहावं, तेवढं पुरतं.

कड्यांच्या वर जे आहे ते पर्यटकाला दिसत नाही, कारण तिथे जायला वाटच नसते. प्रत्येक मोगोते म्हणजे भोवतालच्या शेतीने वेढलेलं एक बेट. सेइबोन नावाचं फुगीर बुंध्याचं झाड उघड्या खडकाला मुळांनी आवळून उभं असतं. व्हियाना रेजिना ही गोगलगाय फक्त पिनार देल रिओच्या चुनखडीवरच जगते. आणि पाल्मा कोर्चो या सायकॅड कुळातल्या झाडाचे पूर्वज डायनासोरांच्या काळातले. ते या प्रांताबाहेर निसर्गात कुठेही उगवत नाही.

आता खाली शेतात उतरायचं.

इथल्या शेतकऱ्याला ग्वाहिरो म्हणतात, आणि तंबाखू पिकवणाऱ्याला वेगेरो. डोक्यावर गवती टोपी, कमरेला कोयता, पायांत गमबूट. तंबाखूचं वर्ष पावसाळा ओसरता ओसरता सुरू होतं. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे भरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपवाटिकेत बी फेकतात, दीडेक महिन्यात रोप वीतभर होतं, मग ते उपटून सरीत लावायचं. पुढचे दोन महिने शेतकरी त्या रोपासमोर वाकलेलाच असतो. भर लावायची, तण काढायचं, शेंडा खुडायचा म्हणजे फुलोऱ्याकडे जाणारा जोर पानांत उतरतो. शेंडा खुडला की झाड बगलेतून फुटवे काढतं. ते फुटवे काढायचे, पुन्हा आले की पुन्हा काढायचे. निपाणीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

जानेवारीपासून तोडणी. अख्खं झाड कापायचं नाही. तळापासून वर, एका वेळी दोन-तीन पानं, मग आठवडाभर थांबून पुढची. सगळ्यात खालची पानं सौम्य, मधली सुवासिक, शेंड्याकडची उन्हाने कडक झालेली. एकाच झाडाची पानं अशी वेगळी ठेवावी लागतात, कारण चिरूट वळणारा नंतर त्यांच्या मिश्रणातूनच चव बांधतो. बाहेरून गुंडाळायचं गुळगुळीत पान तर निराळ्याच शेतात, पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. त्यासाठी नाव काढावं ते दक्षिणेकडच्या सान हुआन इ मार्तिनेस आणि सान लुईस या गावांचं. विन्यालेस देखणं आहे, पण जगातली सगळ्यात महागडी पानं इथली नव्हेत. ते मान्य करायला खोऱ्यातले वाटाडे जरा खळखळ करतात.

तोडलेली पानं तंबाखूघरात येतात. हे घर बांधण्यातही हिशेब आहे. त्याची अरुंद टोकं पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे सकाळचं ऊन एका टोकाला आणि संध्याकाळचं दुसऱ्याला लागतं. लांब बाजू तापत नाहीत. खिडकी नाही. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, मग आढ्यापर्यंत गेलेल्या आडव्या काठ्यांच्या रांगा दिसू लागतात. बायका सुईदोऱ्याने पानं जोडीजोडीने ओवतात आणि ती जोडी काठीवर पालथी टाकतात. ओल्या पानांच्या काठ्या खाली, सुकत जातील तशा वर. दीड-दोन महिन्यांत हिरवं पान पिवळं होतं, पिवळं तपकिरी. हवा कोरडी झाली की दार लावायचं, दमट झाली की उघडायचं, एवढंच यंत्र. वाळलेल्या पानाला भर दुपारी हात लावला तर भुगा होतो, म्हणून काठ्या उतरवण्याचं काम पहाटेच्या दमट हवेत चालतं. मग ढीग रचून पानं आंबवायची, प्रतवारी करायची, आणि राजताडाच्या रुंद आवरणांत गठ्ठे बांधायचे. कोकणात माडाचं जसं काही वाया जात नाही तसंच इथे राजताडाचं : खोडाच्या फळ्या भिंतींना, झावळ्या छपराला, आवरणं तंबाखूच्या गठ्ठ्यांना आणि फळं डुकरांना.

बैलजोडी दिसली की मराठी माणसाची पावलं आपोआप थबकतात. आपल्याकडे जू मानेवर, वशिंडाच्या पुढे बसतं, शिवळा आणि जोत्यांनी अडकवलेलं. इथे ते शिंगांच्या मागे, डोक्यावर ठेवून कातडी वाद्यांनी शिंगांना आवळलेलं असतं. कपाळ घासू नये म्हणून खाली गादी. बैल मानेने नव्हे, डोक्याने ओढतो. ही स्पेनची पद्धत. गंमत अशी की यांतले पुष्कळ बैल झेबू रक्ताचे, म्हणजे वंशाने भारतातले. त्यांना वशिंड आहे, पण जुवाला त्याचा काही उपयोग नाही. नाकात वेसण, तिला कासरा, हातात टोचणी असलेली काठी आणि तोंडाने बैलांची नावं घेत चाललेली बोलणी.

हे सगळं जुनं म्हणून जपलंय, असा समज पर्यटकाचा होतो. तो अर्धाच खरा. यंत्राने मशागत आणि तोडणी केल्यावर तंबाखूचा दर्जा उतरतो, असा इथला अनुभव आहे. वारसा यादीत नाव घालताना झालेल्या मूल्यमापनातही तो नोंदला गेला. जड ट्रॅक्टरने माती दाबली जाते, दोन मोगोतेंच्या मधल्या कोनाड्यांत तो वळतही नाही. पण दुसरं अर्धं सत्य टंचाईचं आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि क्युबाला मिळणारं स्वस्त तेल, ट्रॅक्टर, सुटे भाग, खतं एका झटक्यात आटली. सरकारने तेव्हा देशभर बैल तयार करण्याची मोहीमच काढली, आणि काही वर्षांत औताच्या बैलांची संख्या दुपटीच्या पुढे गेली. ज्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर चालवला होता त्यांना म्हाताऱ्यांकडून औत धरायला शिकावं लागलं. विन्यालेसच्या वेगेरोंना ते शिकावं लागलं नाही, कारण त्यांनी ते सोडलंच नव्हतं.

बैलाची किंमत इथे कायद्यातही दिसते. स्वतःचं जनावरही सरकारी परवानगीशिवाय कापणं हा क्युबात कित्येक दशकं तुरुंगात पाठवणारा गुन्हा होता. २०२१ मध्ये त्यात काही सूट मिळाली. मूळ बंदीचं कारण धर्माचं नाही, दुधाचं आणि तुटवड्याचं आहे.

क्रांतीने जमिनीचं काय केलं, हे समजल्याशिवाय या शेतांचा आकार समजत नाही. १७ मे १९५९ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोठ्या जमीनदारीवर ४०२ हेक्टरची मर्यादा घातली आणि कुळांना व बटईदारांना कसत्या जमिनीचे हक्क दिले. १९६३ च्या दुसऱ्या कायद्याने ती मर्यादा ६७ हेक्टरवर आणली. उसाची शेती मोठाल्या सरकारी मळ्यांत गेली. तंबाखू मात्र फार मोठ्या प्रमाणात लहान शेतकऱ्याच्या हातात राहिली, कारण पान न् पान निरखण्याचं काम पगारी मजुरांच्या तुकड्यांकडून होत नाही, हे समाजवादी नियोजनकारांनाही उमगलं होतं. शेतकरी सहकारी संस्थेचा सभासद असतो. संस्थेतून कर्ज आणि निविष्ठा मिळतात. पण पीक विकायचं ते सरकारलाच.

हिशेब सर्वश्रुत आहे : नव्वद टक्के पीक सरकारला, सरकारने ठरवलेल्या भावाने, दहा टक्के घरी. त्या पिकातून होणाऱ्या चिरुटांची जगभर विक्री करणाऱ्या हाबानोस कंपनीने २०२४ ची उलाढाल ८२ कोटी डॉलरच्या वर जाहीर केली. पान पिकवणारा मात्र बहुतांशी क्युबन पेसोंत मोजला जातो आणि त्या पेसोची घसरण थांबत नाही. शेतकऱ्याला डॉलर-युरो दिसतात ते मुख्यतः त्या उरलेल्या दहा टक्क्यांतून.

शेताला भेट द्यायला आलेल्या पाहुण्यापुढे जो कार्यक्रम होतो त्याचं मूळ इथे आहे. घोड्यावरून आलेल्या चार-सहा जणांना तंबाखूघरात बाकावर बसवतात. वेगेरो पानाची मधली शीर ओढून काढतो, पानं एकात एक घालून मांडीवरल्या फळीवर वळतो, बाहेरचं पान तिरकं गुंडाळतो, टोकाला मध लावून चिकटवतो आणि पेटवून पुढे करतो. दोन मिनिटांत एक चिरूट. हात पाहत राहावे असे चालतात. शीर काढली की निकोटिन गेलं, हे वाक्य प्रत्येक शेतावर ऐकायला मिळतं. ते खरं नाही. निकोटिन पानाच्या पात्यातच भरपूर असतं. मग दहा-वीस चिरुटांचे जुडगे समोर येतात, ना छाप ना पट्टी. एका पाहुण्याने एक जुडगा घेतला तर त्या दिवसाचं काम झालं.

इतकं देखणं खोरं माणसाच्या फुप्फुसाला घातक असलेल्या पिकावर उभं आहे, ही अडचण लपवण्यात अर्थ नाही. क्युबातही फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसं मरतात, आणि त्यावर ‘सिमावॅक्स’ नावाची उपचार लस शोधली तीही हवानाच्याच शास्त्रज्ञांनी. चिरूट आणि लस, दोन्ही सरकारी उद्योग.

भाव कोणी ठरवायचा, हे भांडण मात्र क्युबात क्रांतीहून जुनं आहे. स्पेनच्या राजाने १७१७ मध्ये तंबाखूच्या खरेदीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली तेव्हा वेगेरो उठले. १७२० मध्ये पुन्हा उठले. १७२३ मध्ये तिसऱ्यांदा उठले आणि हवानाच्या वेशीवर, हेसुस देल मोंते इथे बंडखोर शेतकऱ्यांना ठार करून लटकवण्यात आलं. निपाणीच्या शेतकऱ्याला हाही इतिहास परका वाटायचा नाही. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता, आणि शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला. तिथे समोर व्यापारी होते, इथे आधी राजा होता, आता सरकार आहे. पान तेच.

तंबाखू निघाल्यावर जमीन मोकळी राहत नाही. पावसाळ्यात त्याच शेतात मका, घेवडा, रताळी, मालांगा नावाचा अळूच्या कुळातला कंद. घरचं पोट यावरच. रात्री एखाद्या ओसरीवर गिटार निघते आणि पुंतो रंगतो : दहा ओळींचं कडवं जागच्या जागी रचायचं, समोरच्याने त्याला तसंच उत्तर द्यायचं, सवाल-जवाब चालू. स्पेनहून आलेला हा छंद क्युबाच्या शेतकऱ्यांनी इतका आपलासा केला की २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं.

खोऱ्यात सगळ्यांनाच सरकारचं औषधपाणी हवं होतं असं नाही. १९३६ मध्ये आंतोन्यिका इस्किएर्दो या शेतकरी बाईने सांगितलं की आजारी पोराला पाण्याने बरं करायचा मार्ग तिला कुमारी मेरीने दाखवला. बघता बघता डोंगरात जत्रा लोटली. अधिकाऱ्यांनी तिला धरलं, अखेर हवानाच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, आणि तिथेच ती वारली. तिचे अनुयायी, लोस आकुआतिकोस, डोंगरउतारावर राहिले. औषध नाही, डॉक्टर नाही, फक्त पाणी. १९७१ मध्ये तिच्यावर ‘लोस दियास देल आगुआ’ नावाचा चित्रपट निघाला. आता त्यांची मोजकीच घरं उरलीत, आणि पहाटे सूर्योदय पाहायला पर्यटक त्या वाटेने चढतात.

विन्यालेस गाव म्हणजे एक लांबलचक मुख्य रस्ता; दुतर्फा पाइनची झाडं, एकमजली रंगीत घरं आणि प्रत्येक घरापुढे खांबांची ओसरी. ओसरीत हमखास दोन डुलत्या खुर्च्या. १९९७ मध्ये घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायची कायदेशीर परवानगी मिळाली आणि गावाचं रूप पालटलं. दारावर निळ्या नांगराची खूण असलेली घरं मोजायला गेलं तर ज्या घरांवर ती नाही तीच मोजणं सोपं. हा नांगर जहाजाचा, शेतातला नव्हे. पण शेतातल्या नांगराला पैसा यानेच पुरवला. कित्येक कुटुंबांत एक भाऊ शेत बघतो, दुसरा घोड्यांच्या सफरी नेतो आणि घरची बाई खोल्या सांभाळते.

मग पाहुणे आटले. २०१८ मध्ये सुमारे ४७ लाख परदेशी प्रवासी क्युबात आले होते. २०२४ मध्ये जेमतेम २२ लाख. मध्ये महासाथ येऊन गेली, अमेरिकेने निर्बंध आवळले, इंधन आणि वीज दोन्ही दुर्मिळ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर अख्ख्या देशाची वीज एकदम गेली. तरणी पोरं देश सोडताहेत, आणि तंबाखूची तोडणी म्हाताऱ्या कंबरेने होत नाही.

आकाशातूनही काय काय येतं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी भर दुपारी विन्यालेसवर आगीचा लोळ दिसला, स्फोटाचे आवाज झाले आणि काळे दगड छपरांवर, अंगणांत येऊन पडले. ती खरोखरची उल्का होती. लोकांनी दगड वेचून ठेवले, विकलेही. ते एक वेळ परवडलं. २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे इयान चक्रीवादळ तिसऱ्या श्रेणीचा जोर घेऊन पिनार देल रिओवर धडकलं आणि प्रांतातली हजारो तंबाखूघरं भुईसपाट करून गेलं. बी टाकायचा हंगाम तोच. पान वाळवायला छप्पर नसेल तर रोप लावून उपयोग नाही, म्हणून त्या वर्षीची लागवड किती करायची हे शेतावर नव्हे, उभ्या राहिलेल्या तंबाखूघरांवर ठरलं. वादळानेच आडवे केलेले ताड कापून, त्यांच्याच झावळ्या शाकारून शेतकऱ्यांनी आधी लहान घरं उभी केली. २००८ मध्ये गुस्ताव आणि आईक ही दोन वादळं दहा दिवसांच्या अंतराने आली होती तेव्हाही असंच करावं लागलं होतं. घरांचा हा आकार पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्यात परंपरेचा वाटा आहे, तसाच पत्रा आणि सिमेंट मिळत नाही याचाही.

जायचंच असेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत जावं. तोडणी चालू असते, तंबाखूघरं भरलेली असतात, पाऊस नसतो. हवानाहून बसने चारेक तास लागतात. टॅक्सीत आणखी दोघे-तिघे सोबत मिळाले तर ती परवडते. बॅटरी, टॉर्च आणि सुट्टे युरो सोबत असावेत, कारण वीज कधीही जाते आणि परदेशी कार्डांचा भरवसा नाही. गाईडबरोबरच्या घोड्याच्या सफरीत एक ठरावीक शेत, एक ठरावीक कॉफी आणि एक ठरावीक जुडगा भेटतो. सकाळी सातच्या सुमाराला पायी निघालं तर औत सुरू असतं, आणि बांधावर उभं राहून जू शिंगांना का बांधता असं विचारलं की बोलणं लांबतं. जून-जुलैत गेलात तर तंबाखूचं पान दिसणार नाही. शेतात मका असेल आणि दुपारी पाऊस असेल.